रांजणातला मासा

श्रावण शुद्ध ५, नागपंचमी, गुरुवार. शके १८५५

वैद्यबुवा म्हणाले, रोगी काय खातो, किती झोपतो, पोट साफ होतं की नाही, ते रोजच्या रोज लिहीत जा. तुम्ही बायका आठवून सांगता आणि आठवणीत निम्मं खोटं असतं. तोंडावर म्हणाला मेला. म्हणून माझ्या मुलानं, रंगनाथनं, ही वही आणून दिली. मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. ज्याला लागणार नाही त्यानं वाचू नये.

तर लिहिते. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, सकाळी अर्धी वाटी पेज घेतली. दुपारी मऊ भात चार घास. पोट साफ. उजवा हात तसाच, लाकडासारखा. माघात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून वाचा नाही. तोंडातून "आँ" एवढंच निघतं, आणि ते भुकेचं की रागाचं की नाकावर माशी बसल्याचं, ते मी ओळखायचं. सून वत्सला बाळंतपणाला सिन्नरला गेलीय, नातीला, सिंधूला, घेऊन. तेव्हा घरात बाई मी एकटी.

संध्याकाळी रहेमानभाई आले. आमची तांब्याची भांडी मुंबईला नेऊन विकतात. ह्यांचे जुने दोस्त. हातात काचेची बरणी, तिच्यात तीन मासे. खायचे नव्हेत, बघायचे! रंग अगदी नुकत्या घासलेल्या तांब्याचा.

"वहिनी, दोस्त दिवसभर भिंत बघतो. माझ्यानं पाहवत नाही. आता हे बघेल."

"आणि ह्यांचं हगमूत काय तुमचे मासे काढणार?"

"ते काम आपल्यासारख्यांचं," रहेमानभाई हसून म्हणाले. "ह्यांना नुसतं पोहायचं."

ते गेल्यावर समोरची भागीबाई डोकावली. "कालवण कधी गं करणार?"

म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं श्राद्ध असेल त्या दिवशी. गेली.


श्रावण वद्य ८, रविवार

मध्ये काही लिहिण्यासारखं नव्हतं. पोट कधी साफ, कधी नाही.

आज दीड वाटी भात खाल्ला. वैद्यबुवा म्हणतील त्यांच्या मात्रेचा गुण. मात्रेचा नव्हे, माशांचा. बरणी खिडकीत ठेवलीय, बाजेच्या समोर. दिवसभर डोळे तिकडे. मी घास भरवते तेव्हाही नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. आपल्या आळीत सकाळपासून तांब्यावर हातोडे पडतात, माणूस बोललेलं माणसाला ऐकू येत नाही. तसल्या आवाजात ह्यांनी जन्म काढला. आता त्या मुक्या जनावरांत काय गोडी लागलीय देव जाणे.

नऊ वर्षांची होते तेव्हा ह्या घरात आले. एवढा वेळ माझ्याकडे काही कोणी बघितलं नाही. आज म्हटलंसुद्धा, "मी बरणीत जाऊन बसू का?"

"आँ," म्हणाले.

भांडं आणून लावलं. भांडं नको होतं.

दुपारी तांदूळ निवडले. यंदा खडे फार. माझे डोळे अजून चांगले म्हणून बरं. रंगनाथला दिसत नाहीत ते खडे मला दिसतात.


श्रावण वद्य अमावस्या, सोमवार

आज ह्यांनी काही खाल्लं नाही.

एवढं लिहून वही मिटली होती. परत उघडली.

सूर्यग्रहण होतं. सोमवती, पिठोरी, पोळा, सगळं आजच आलं. वेध लागायच्या आधी दुधात, तुपात, लोणच्यात, पिठात तुळशीचं पान टाकलं. ज्यात पान पडलं ते सुटलं. साठवणीच्या पाण्याला मात्र सुटका नाही, मोक्ष झाला की ते ओतून द्यायचं आणि नवं भरायचं. सासूनं घालून दिलं तसं मी इतकी वर्षं करत आले. हात आपोआप चालतात.

बाहेर "दे दान, सुटे गिराण" चाललं होतं. ग्रहण सुटलं. मी आडावर अंगावर पाणी घेतलं, ओलेत्यानं घरात शिरले आणि हंडा, कळशा, रांजण, तांब्या, एकेक मोरीत उपडं करत सुटले. बाजेवरून हे "आँ" म्हणाले. म्हटलं, थांबा, सोवळ्यात आहे. परत "आँ." म्हटलं, सहा महिने धीर धरलात, आज काय पेटलंय? मग जे ओरडले तसं झटका आल्यापासून ओरडले नव्हते. तेव्हा माझ्या हातात बरणी होती आणि ती मोरीवर उपडी होती.

तिन्ही मासे मोरीच्या दगडावर, राखेत आणि खरकट्यात, तडफडत होते. मी बरणी खाली ठेवली. आपटलीच असणार, कारण तळाला तडा गेला. मासा हातात राहत नाही, रिठ्याच्या फेसासारखा निसटतो. एक मोरीच्या भोकापर्यंत गेला, त्याला बोट घालून मागे ओढला. ओल्या पदरात तिघांना गुंडाळलं आणि आता ठेवू कशात म्हणून बघते तर समोर आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ. ह्यांनी झटक्याच्या आधी केलेलं शेवटचं, गिऱ्हाइकाकडे जायचं राहिलं ते राहिलंच. सणासाठी कालच चिंच लावून लखलखीत घासलं होतं. घरातलं सगळ्यांत चांगलं भांडं. आडाचं ताजं पाणी ओतलं आणि मासे त्यात सोडले. हे परत ओरडायला लागले. म्हटलं, वाचवतेय ना? आता तरी गप बसा!

दोन मासे तिरपे का होईना, चालायला लागले. तिसरा पोट वर करून तरंगत राहिला. आता माशाचं काय करतात ते मला कोण सांगणार? मूल जन्मल्यावर रडलं नाही तर आम्ही थाळी वाजवतो. मी थाळी वाजवली. आळीतल्या ठोकाठोकीत कोणाला कळलंही नाही. मग त्याला शेपटीला धरून, लुगड्याचा पदर खळबळावा तसा पाण्यात पुढेमागे खळबळला. हात दुखेपर्यंत. एकदा त्याचं तोंड उघडलं. परत उघडलं. मग सुटला हातातून. मी मोरीजवळच बसले.

रंगनाथ दुकानातून आला. बरणीचा तडा बघून म्हणाला, "आई, काय झालं?"

मी म्हटलं, "मांजर."

तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं.

हे बाजेवरून बघत होते. माशांकडे नाही. माझ्याकडे.


भाद्रपद शुद्ध १, मंगळवार

पेज तोंडाशी नेली, ओठ घट्ट. तोंड भिंतीकडे. म्हटलं, रुसायला वय काय आपलं? पेज कुशीला सांडली, चादर बदलली.

मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. अंगावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते. पाणी नासलं असेल म्हणून दोनदा बदललं, दुसऱ्यांदा घंगाळ परत चिंच लावून घासलं, चांगलं खसखसून. आता ह्याहून स्वच्छ ते काय करू? तरी ज्याला काल जिवंत केला तो दुपारी मेला. तुळशीच्या मागे पुरला. भागीबाईनं बघितलं, पण काही बोलली नाही. तिनं काही बोलावं म्हणून मी उभीसुद्धा राहिले होते.

रंगनाथनं मांजराला लाथ घातली. बिचारं ओरडत पत्र्यावर गेलं, दुधालाही आलं नाही.

ओतताना बरणीतले मासे दिसले नाहीत असं मी स्वतःला म्हणते. लोणच्याच्या बरणीत पान टाकलं, तीसुद्धा बरणीच, तिच्यापासून खिडकी हातभर लांब. तांदळातला खडा मला दिसतो.


भाद्रपद शुद्ध २, बुधवार

वैद्यबुवा आले. नाडी बघितली, जीभ बघितली. मला बाहेर घेऊन म्हणाले, "बाई, पोटात काही जात नसेल तर मी मात्रा कशावर चालवू? असं आणखी चाललं तर मला बोलावू नका, आप्तांना बोलवा."

मी म्हटलं, "तुम्हाला दोन शब्द गोड बोलायला पैसे पडतात का?"

तर म्हणाले, "त्यांनी खायचं का सोडलं ते शोधा."

शोधायचं काय त्यात.

दुपारपासून "आँ, आँ" सारखं. बघतात रांजणाकडे. रांजण दाराशी मांडलाय, कुंभारवाड्यातला मातीचा, पाणी गार राहतं. मी पाणी आणून तोंडाला लावलं. थुंकले. जास्त गार असेल म्हणून कोमट दिलं. थुंकले, माझ्याच अंगावर. डाव्या हातानं माझा हात ढकलला आणि परत रांजणाकडे. मला रडू येत नाही, कधीच आलं नाही, पण आज वाटी इतक्या जोरात आदळली की तिला पोचा पडला. ह्यांनीच केलेली वाटी.

घंगाळात दुसरा मासा कुशीवर पडलाय.


गणेश चतुर्थी

सकाळी दुसराही गेलेला. तिसरा पाण्याच्या तोंडाशी, हलतो तेवढाच.

रंगनाथ गणपती आणायला गेला. घरात आम्ही दोघं. ह्यांचं परत "आँ" आणि रांजण. माझा धीर सुटला. म्हटलं, "काय हवंय ते कळू द्या! मी मनकवडी नाही! हो म्हणायचं तर डोळे एकदा मिटा, नाही म्हणायचं तर दोनदा. तेवढं तर चालतं ना तुमचं?"

डोळे माझ्याकडे वळले. बघत राहिले.

"पाणी?" दोनदा.

"कूस बदलू?" दोनदा.

"पोट?" दोनदा, आणि कपाळाला आठी. तीही अर्धीच पडते.

आणखी काय विचारायचं ते मला सुचेना. माणसाला पाणी, कूस आणि पोट सोडून आणखी काही हवं असतं हे मी सहा महिन्यांत विचारलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. मग म्हटलं, "मासे?"

एकदा. असे घट्ट मिटले की मला वाटलं आटोपलं.

"मासा रांजणात टाकू?"

परत एकदा. आणि डोळ्यांतून पाणी.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. गिऱ्हाइकाला भांडं देताना मीच सांगत आले, बाई गं, कल्हई केल्याशिवाय तांब्यात ताक ठेवू नकोस, कळकतं, पोटात गेलं तर ओकशील. आंघोळीच्या घंगाळाला कल्हई नसते. त्यात चिंच लावून मी वरचा थर काढला होता, परत परत. माशाचं अंग काय, ताकाहून नाजूक. जन्म तांबटाच्या घरात गेला, आणि घरातलं सगळ्यांत चांगलं भांडं म्हणून त्याच भांड्यात त्यांना मारलं. हे बाजेवरून ओरडून सांगत होते आणि मी म्हणत होते गप बसा.

मासा ओंजळीत घेऊन रांजणात सोडला. तळाशी गेला. मी वाकून बघत राहिले.

मग वळून विचारलं. आज विचारलं नाही तर परत कधी विचारणार नाही असं वाटलं. म्हटलं, "बरणी मी मुद्दाम ओतली असं वाटतं तुम्हाला?"

डोळे एकदा मिटले नाहीत. दोनदाही नाहीत. उघडेच राहिले.

मग मी उठून मोदकाचं पाणी आधणाला ठेवलं.


भाद्रपद शुद्ध चतुर्थीचंच, मागाहून

मासा जगला आहे. पण रांजण मातीचा, बाजेवरून ह्यांना काय दिसणार? नुसती रांजणाची कड. परत "आँ."

"कसा आहे ते सांगू?" एकदा.

म्हटलं, "आत्ता तळाशी आहे. शेपूट हलवतोय. वळला. वर येतोय बघा, आला, तोंड काढलं, गेला खाली." मला हे असलं बोलता येत नाही. मी आळीतल्या बायकांशी भांडू शकते, माशाचं वर्णन काय करू? पण बोलत होते आणि हातात पेजेची वाटी होती. ह्यांचं तोंड उघडलं.

पाऊण वाटी पेज. थोडं मोदकाचं सारण, जिभेला लावण्यापुरतं.

रंगनाथ जेवायला बसला तेव्हा ह्यांच्या देखत म्हटलं, "मांजरानं नाही सांडलं. मी सांडलं."

तो खाली मान घालून वरण कालवत होता. म्हणाला, "ठाऊक आहे. मांजर तीन मासे मोरीत टाकून निघून जातं का?"

"मग त्याला लाथ का मारलीस?"

"तुला मारता येत नाही म्हणून."

मी त्याला वरून तूप वाढलं. तो नको म्हणाला नाही. मांजरालाही दूध ठेवलं, पण ते अजून माझ्या हाताजवळ येत नाही.


भाद्रपद वद्य ९

पितृपंधरवडा. सासूबाईंचं पान वाढलं. मनात म्हटलं, तुमच्या ग्रहणाच्या नेमानं मला चांगलं गोत्यात आणलं. त्यांनी काय केलं म्हणा, पाणी ओतायला सांगितलं होतं, बरणी ओत असं नव्हतं सांगितलं.

आता रोज दोन्ही वेळेला रांजणाजवळ पाट मांडून बसते. एक हात रांजणाच्या कडेवर, एक ह्यांच्या तोंडाशी. मासा नेहमी काही करत नाही. तळाशी बसून राहतो, आळशी. मग मी घालते पदरचं. आज तो रुसलाय. आज त्यानं भागीबाईसारखी मान वेळावली. आज त्याला मी भाताचं शीत दिलं तर थुंकला, अगदी तुमच्यासारखा. ह्यांच्या घशातून आवाज आला. खोकला असेल म्हणून पाठ चोळायला गेले. खोकला नव्हता. हसत होते.

बोलता बोलता दुसरंही निघतं. लग्नात माझी वाकी हरवली होती ती मी हरवली नव्हती, ह्यांच्या बहिणीनं घेतली होती, तेही सांगून टाकलं. डोळे एकदा मिटले. म्हणजे ठाऊक होतं! म्हटलं, इतकी वर्षं मला बोलणी खाऊ दिलीत? डोळे एकदा. बेशरम माणूस.

दोन वाट्या भात. पोट साफ.


आश्विन शुद्ध १०, दसरा

मासा मेला.

सकाळी पाट मांडून वाकले तर वर होता, कुशीवर. हे झोपले होते. शेपटीला धरून खळबळला. थाळी नाही वाजवली, हे जागे झाले असते. खळबळला, खळबळला. ह्या खेपेला तोंड उघडलं नाही. पदराखाली घेऊन गेले, दुसऱ्या दोघांशेजारी पुरला.

मागे मासे मोरीत पडले तेव्हा ह्यांनी तीन दिवस तोंड मिटलं. तीन जगवायला दिले होते, एकही राहिला नाही. हे तोंडानं सांगायचं म्हणजे आपल्या हातानं गळा दाबायचा.

जेवणवेळ झाली. "आँ."

रांजणात नुसतं पाणी. माझं तोंड त्यात दिसत होतं, म्हातारं, वेडंविद्रं. मी म्हटलं, "वळला. शेपूट हलवतोय. आज सण आहे म्हणून जरा मिजाशीत आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घास घेतला.

खोटं बोलले. परत. मांजराच्या वेळी निदान अंगावर येईल म्हणून बोलले होते. आता कशासाठी बोलते? पाप लागायचं ते मला लागो, भात ह्यांच्या पोटात जातोय.


कार्तिक शुद्ध १, पाडवा

वत्सला बाळाला घेऊन आलीय. मुलगा झाला. नाक आमच्याकडचं नाही. सिंधू उंच झालीय आणि आगाऊही.

सून आली ती घर आवरायलाच लागली, चांगल्या वळणाची आहे. मी नदीवर गेले होते. परत येऊन बघते तर रांजण कोपऱ्यात पालथा. "सासूबाई, पाण्याला वास यायला लागला होता, ओतून वाळत घातला." हे बाजेवरून त्या पालथ्या रांजणाकडे बघत होते. ओतताना आत मासा नाही हे नक्कीच दिसलं असणार. दिवसभर मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी रहेमानभाई मिठाई घेऊन आले, आणि नवी काचेची बरणी, दोन मासे. रंगनाथनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. माझी बाजू मांडायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, "वहिनी, मुंबईहून गाडीत आणताना माझ्या हातून किती मेले ते मी दोस्ताला कधी सांगितलंय?"

बरणी खिडकीत ठेवली. अगदी पहिल्यासारखी. मला हायसं वाटलं. आता ह्यांना डोळ्यांना दिसेल, माझ्या जिभेला विश्रांती.

ह्यांना ओवाळलं. मग पुरी मोडून तोंडाशी धरली. ओठ बंद.

"समोर मासे आहेत ना? बघा की!"

दोनदा.

"मग काय हवंय?"

"आँ." आणि कोपऱ्याकडे.

"अहो, तो पालथा आहे. दिसतोय ना?" एकदा.

"त्यात काही नाही. ठाऊक आहे?" एकदा.

"आज कळलं?"

दोनदा.

मी पुरी हातात धरून बसले. म्हटलं, "मग इतके दिवस मी कशाला घसा कोरडा केला?" ह्याला हो नाही, नाही नाही. म्हातारपणात माणसाचं डोकं चालत नाही, दुसरं काय. बरणीत जिवंत मासे पोहतायत, तिकडे बघायचं सोडून ह्यांना पालथा रांजण हवा.

पाट उचलला, कोपऱ्यात नेऊन मांडला. हात रांजणाच्या बुडावर ठेवला. वत्सला दारात उभी राहून बघत होती. सिंधू म्हणाली, "आजी, रांजण पालथा आहे!" म्हटलं, तू गप बस.

"वळला," मी म्हटलं. "आता वर येतोय बघा."

दोन पुऱ्या. बासुंदी अर्धी वाटी. पोट साफ.